कुवेत आणि लाओसच्या मधली पानं

श्रीकांत गुरुवारी सकाळी गेला. त्याच गुरुवारी किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, संसदेने स्वतःला बरखास्त केलं. श्रीकांतचं मला कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं. संसदेचं मी बसस्टॉपवर फोनमध्ये वाचलं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला समजतं. पण श्रीकांत असता तर त्याने तो जोडला असता. "बघ वसू, मी सभात्याग केला तर त्यांनी कामकाजच गुंडाळलं," असं काहीतरी म्हणाला असता आणि स्वतःच हसला असता. आमच्या घरात किर्गिझस्तान या देशाला अशीच वागणूक मिळायची. तो देश म्हणजे माझी नोकरी होती.

ही नोकरी नेमकी कसली, हे मी लग्नकार्यात वगैरे समजावायला गेले की लोक दुसऱ्या वाक्याला पाण्याचा ग्लास शोधू लागतात. तरी सांगते. इंग्लंडमध्ये एक जाडजूड संदर्भग्रंथ दरवर्षी निघत असे. जगातल्या प्रत्येक देशासाठी त्यात काही पानं. राष्ट्राध्यक्ष कसा निवडतात, संसदेत किती जागा, न्यायाधीश कोण नेमतं, निवडणूक कधी झाली, परत कधी होणार. ग्रंथालयं, वकिलाती, परदेशात धंदा करणाऱ्या कंपन्या तो विकत घेत. माझ्याकडे मध्य आशिया होता. म्हणजे कागदोपत्री पाच देश. प्रत्यक्षात माझा सगळा वेळ किर्गिझस्तान खायचा, कारण बाकीच्या चार देशांत एकदा लिहिलेलं वर्षानुवर्षं टिकायचं. इथे ते पुढच्या चहापर्यंत टिकेल याची खात्री नसे.

रशियन मी पुण्यात शिकले, संध्याकाळच्या वर्गात. श्रीकांतही त्याच वर्गात होता. मी परीक्षा पास झाले. तो "दोन चहा द्या" एवढं बोलायला शिकला आणि दुसरा चहा माझ्यासाठी आहे असं त्याने बाईंसमोर सांगितलं. पुढे त्याला कॉव्हेंट्रीत मोटारींच्या कारखान्यात नोकरी मिळाली, आम्ही इकडे आलो, आणि माझं रशियन या ग्रंथाच्या कामाला आलं.

आमच्या कामाचे नियम थोडे होते. विशेषण वापरायचं नाही. "भ्रष्ट सरकार", "लोकप्रिय नेता" असलं काही दिसलं की संपादक लाल रेघ ओढायचे. कायदा काय म्हणतो ते आधी लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं ते नंतर. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत जमाव शिरला आणि ते विमानात बसून निघून गेले, तर लिहायचं, "राष्ट्राध्यक्षांनी देश सोडला." हे खरं आहे. सुट्टीवर जाणारा माणूसही देश सोडतोच.

आणि सगळ्यात मोठा नियम, जो कुठे लिहिलेला नव्हता: राहिलं असेल ते पुढच्या वर्षी दुरुस्त करायचं. वार्षिकाच्या धंद्यातलं हे सगळ्यात मोठं सुख. माणूस चुकतो, पण त्याला बारा महिन्यांनी पुन्हा संधी मिळते. संसारात सुद्धा एवढी सोय नाही.

त्या काळी आमची छपाई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असे, आणि किर्गिझ जनतेला उठाव करायला वसंत ऋतूच आवडतो, हे मला जरा उशिरा कळलं. पहिल्यांदा सरकार पडलं ते मार्चच्या शेवटी. मला आठवडाभर मिळाला. मी सगळं नव्याने लिहिलं, स्वतःवर खूश झाले. पाच वर्षांनी पुन्हा तसंच झालं, पण या वेळी माझी पानं छापखान्यात गेली आणि दुसऱ्या दिवशी सरकार पडलं. ग्रंथ बाहेर आला तेव्हा त्यात जे राष्ट्राध्यक्ष होते ते देशात नव्हते, जी राज्यघटना होती ती लवकरच नसणार होती. आम्ही शुद्धिपत्र काढलं. ते मूळ मजकुरापेक्षा लांब झालं. श्रीकांतने ते तुळशीबागेतल्या चादरीसारखं दोन हातांत धरून उलगडलं आणि म्हणाला, "मापात घेतलंस का?"

संसदेच्या जागांचंही असंच. आधी दोन सभागृहं होती, मग एकच झालं. त्यात पंचाहत्तर जागा, मग नव्वद, मग एकशेवीस, मग परत नव्वद. एकशेवीस होत्या तेव्हा घटनेत एक कलम होतं: कोणत्याही एका पक्षाला पासष्टपेक्षा जास्त जागा मिळणार नाहीत, मतं कितीही पडोत. मला ते कलम फार आवडलं होतं. हा देश स्वतःला ओळखून होता असं वाटलं. श्रीकांतने ते लगेच घरी लागू केलं. सोफ्यावर एका माणसाने किती जागा व्यापायची याला कमाल मर्यादा आली, आणि ती फक्त मला आणि आमच्या मुलीला, रमाला, लागू होती.

आमच्या घरची राज्यव्यवस्था बिश्केकबरोबर बदलायची. तिथे राष्ट्राध्यक्षांकडे सत्ता असली की स्वयंपाकघरात माझी एकटीची सत्ता. तिथे संसदीय पद्धत आली की भाजी मतदानाने ठरायची. किर्गिझ मतपत्रिकेवर "सर्वांविरुद्ध" अशी एक चौकट असते. दुधी की पडवळ, असं मी विचारलं की रमा आणि तिचे बाबा दोघेही हात वर करून ती चौकट निवडायचे आणि आम्ही फिश अँड चिप्स आणायचो. नव्या संसदेची पहिली बैठक वयाने सगळ्यात मोठा सदस्य सुरू करतो, असंही तिथे आहे. श्रीकांत माझ्यापेक्षा पाच महिन्यांनी मोठा. त्याने या पाच महिन्यांचा जेवढा उपयोग करून घेतला तेवढा कुठल्या पुढाऱ्याने आपल्या पदाचा केला नसेल.

पण त्याचं खरं काम दुसरं होतं. माझं लिहून झालं की तो वाचायचा. त्याला राजकारणात गती नव्हती, म्हणूनच तो उपयोगी होता. दोन-तीन पानं गंभीर चेहऱ्याने वाचून चष्मा कपाळावर सरकवायचा आणि दरवेळी तेच विचारायचा: "हे सगळं ठीक आहे. पण शेवटी ऐकतात कोणाचं?"

"घटनेप्रमाणे पंतप्रधानांचं."

"आणि घरी गेल्यावर?"

मग मी परत जाऊन बसायचे. पंतप्रधान कुणाच्या सहीने जातात, अंदाजपत्रक कोण अडवू शकतं, हे सगळं नीट वर आणायचे. त्याच्या या एका प्रश्नाने माझी पानं उभी राहिली. मी त्याला हे कधी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं होतं, पण त्याने त्याबद्दल मानधन मागितलं म्हणून पुन्हा सांगितलं नाही.

वाचकांबद्दलही लिहायला हवं. लंडनच्या एका कंपनीतून एकदा एका बाईंचा फोन आला. संध्याकाळी किर्गिझ मंत्री जेवायला येणार, खुर्चीपुढे नावाची पाटी ठेवायची, तर मंत्री तेच आहेत ना? मी म्हटलं, सकाळपर्यंत तरी तेच होते. त्या म्हणाल्या, पाटी सोनेरी अक्षरांत करायची आहे. मी म्हटलं, पेन्सिलने करा. त्या रागावल्या. संध्याकाळी त्यांचाच परत फोन आला, आवाज बराच मऊ होता. मंत्री वेगळेच आले होते, आणि मध्य आशियातली ही खबर तुम्हाला आमच्याआधी कशी कळली, असं त्या विचारत होत्या.

दुसरे एक निवृत्त शिक्षक, कार्डिफचे. ते आमचा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. किर्गिझस्तानात गावोगावी वडीलधाऱ्यांची न्यायालयं आहेत, लहानसहान भांडणं ती मिटवतात. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. या गृहस्थांना मात्र ती कल्पना फारच भावली. शेजाऱ्याचं कुंपणाचं झुडूप त्यांच्या बागेत येत होतं, आणि आपल्या गल्लीत असं न्यायालय काढावं, अध्यक्ष आपण व्हावं, असं त्यांच्या मनात होतं.

"माझं वय पुरेसं आहे," ते फोनवर म्हणाले.

"वय पुरेल हो," मी म्हटलं. "पण लोकांनी निवडून द्यावं लागतं."

"मग राहू द्या," ते म्हणाले.

असं चाललं होतं. नंतर प्रकाशनसंस्था विकली गेली, कचेरी कार्डिफला हलली, छपाई एप्रिलमधून वर्षअखेरीला गेली. मी घरूनच काम करू लागले. तिकडे पंतप्रधान हे पद गेलं, पुन्हा राष्ट्राध्यक्षांचं राज्य आलं. ध्वजावरच्या सूर्याचे किरण वाकडे होते, तेही सरळ केले. वाकड्या किरणांमुळे सूर्य सूर्यफुलासारखा दिसतो अशी तक्रार होती. श्रीकांत म्हणाला, "यांचं आता फक्त राष्ट्रगीताची चाल बदलायची राहिलीय." मी त्याला गप्प केलं, कारण तोही विषय तिथे निघत होता.

मग श्रीकांत गेला, संसद बरखास्त झाली, आणि दोन आठवड्यांनी रियाननचा फोन आला.

रियानन माझी संपादक. वयाने माझ्या मुलीएवढी, कार्डिफची, बोलताना प्रत्येक वाक्य थोडं गाऊन म्हणते. आधी तिने श्रीकांतबद्दल विचारलं. नीट विचारलं, घाई केली नाही. मग म्हणाली, "वसुधा, ही आवृत्ती शेवटची. पुढच्या वर्षीपासून छापील ग्रंथ बंद."

"आणि वेबसाइट?"

"तीही नाही. लोक आता फोनला विचारतात आणि फोन सांगतो."

मग माझ्या लक्षात आलं ते हे, की आता पुढचं वर्ष नाही. जे छापलं जाईल ते तसंच राहणार. कुठल्यातरी ग्रंथालयात कपाटाच्या खालच्या फळीवर, कुवेत संपून लाओस सुरू होण्याआधी, माझी चार पानं कायमची बसणार, आणि त्यांत चूक राहिली तर ती दुरुस्त करायला कोणी येणार नाही.

आणि अडचण अशी की निवडणूक नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होती, आणि पानं बंद करायची तारीख त्याच्या आधीचा शुक्रवार.

"'निवडणूक अपेक्षित' असं लिहून टाकू," रियानन म्हणाली. "पद्धत जुनीच ठेव."

"जुनी पद्धत मोडीत निघालीय. नवा कायदा आलाय. पक्षांच्या याद्या गेल्या. देशाचे तीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन सदस्य."

"मग नवी लिही."

"कायद्यात आहे म्हणून लिहिली, आणि निवडणूकच झाली नाही तर? या देशात निकालसुद्धा लागल्यावर रद्द झालेले मी छापलेत. मला मतदानानंतरच्या बुधवारपर्यंत वेळ दे."

"वसुधा, हे किती लोक वाचणार आहेत?"

"एक तर नक्की. तुमच्याच कार्डिफचे आहेत. त्यांना लिहून कळवू का, की तू नाही म्हणालीस?"

ती हसली. त्या गृहस्थांना सगळी कचेरी ओळखून होती. ग्रंथ सोळा-सोळा पानांच्या फॉर्मने छापतात. माझा फॉर्म सगळ्यात शेवटी यंत्रावर चढवायचा, असं तिने छापखान्याकडून कबूल करून घेतलं. माझ्यामुळे त्याच फॉर्ममधला बिचारा लाओसही अडकला, आणि त्याचा संपादक माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, रमा आली. ती हाउन्सलोला राहते, हीथ्रोजवळ मालवाहतुकीच्या कंपनीत काम करते. कोणती पेटी कोणत्या विमानात चढेल हे ठरवणं तिचं काम. बाबा गेल्यापासून दर शनिवारी येते आणि मला जेवायला घालते. तिचं मराठी आम्ही तिला जितकं दिलं तितकंच आहे.

रविवारी मतदान झालं. सोमवारपर्यंत माझा मजकूर तयार होता. रमाने दोन दिवस रजा टाकली होती. मी कागद छापून घेतले, आणि ते हातात घेऊन पुढच्या खोलीत गेले. ही माझी सवय. खोलीत रमा होती, सोफ्यावर आडवी, कमाल मर्यादेच्या बरीच पलीकडे. मी परत वळले.

"काय झाला?" तिने विचारलं.

"काही नाही. वाचायला कोणाला तरी देते मी नेहमी."

"मला दे ना."

"तुला कंटाळा येईल."

"बाबाला येत नव्हता?"

"यायचा. त्याला सवय होती."

तिने हात पुढे केला. मी दिले. ती फार हळू वाचत होती. श्रीकांत वाचताना पाय हलवायचा, ही अजिबात हलत नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी पुसली. पुसलेलीच होती.

"आई," तिने हाक मारली. "हे थ्री मेंबर्सचा रूल आहे ना. तीनमधला एक तरी बाई पाहिजे."

"एक तरी बाई पाहिजे. हो."

"आणि टॉपला तिन्ही बायकाच आले तर?"

"तर काय? येऊ दे की. चांगलंच आहे."

"पण अलाउड आहे का? तू फक्त मिनिमम लिहिलाय. आमच्या कामात कोणी मला मिनिमम लोड सांगितला आणि मॅक्सिमम नाही सांगितला तर मी प्लेन लोडच करत नाही. परत फोन करते."

मी म्हणणार होते की सगळ्या बातम्यांत असंच दिलंय, एका बाईची जागा राखीव. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तेच लिहिलं होतं, मीही आठवडाभर तेच वाचत होते, आणि ते वाचून वाचून माझ्या मजकुरात उतरलं होतं. मी वर गेले आणि कायद्याचा रशियन मजकूर उघडला. तो मी आधी वाचला होता. वाचताना जे वाक्य मला इंग्रजीतल्या वाक्यासारखंच वाटलं होतं ते तसं नव्हतं. तिथे बाईचा उल्लेख नव्हता. एका मतदारसंघातून एकाच लिंगाचे दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत, एवढंच होतं. म्हणजे तिघी जणी सर्वाधिक मतं घेऊन आल्या, तर तिसरीला घरी जावं लागेल आणि तिच्यापेक्षा कमी मतं पडलेला पुरुष आत जाईल. माझ्या मजकुराप्रमाणे तिघीही संसदेत बसल्या असत्या.

मी जिन्यातूनच म्हटलं, "अलाउड नाहीये."

"सी?" रमा म्हणाली. "मग तो माणूस लकी."

"कोणता माणूस?"

"जो तिसऱ्या बाईच्या ऐवजी येणार. आई, त्याची पार्टी त्याला काय म्हणणार? काँग्रॅच्युलेशन्स, यू आर अ मॅन?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, आणि मला ते ओळखीचं वाटलं नाही. मी जिन्यात बसले. रमा उठून आली आणि माझ्या शेजारी, अरुंद पायरीवर, बसली. तिने तिच्या बाबांचा प्रश्न विचारला नव्हता. तिला तो माहीत नसेल असंही नाही, लहानपणापासून ऐकत होती. तिने तिचा विचारला.

"बाबाला हे दिसलं असतं का गं?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

मी खरं सांगितलं. "नाही. त्याला नसतं दिसलं."

"ओके," ती म्हणाली, आणि मग रडली. मीही.

वाक्य बदललं. "किमान एक महिला" काढून "एकाच लिंगाचे कमाल दोन सदस्य" असं घातलं. मग एका वाक्याने ओळ वाढली, ओळीने पान सरकलं, आणि ते बसवायला मला न्यायालयांच्या भागातून दोन शब्द काढावे लागले. कार्डिफच्या गृहस्थांना ते आवडणार नाही हे ठाऊक होतं. मंगळवारी दुपारी पानं गेली. रियाननने उत्तर पाठवलं: "मिळाली. लाओस तुझे आभार मानतोय, पण मनापासून नाही." बुधवारी यंत्र चाललं.

पुस्तक टपालाने आलं तेव्हा रमा घरी नव्हती. मी ते लगेच उघडलं नाही. चहा केला, सवयीने जास्त झाला, तो प्यायले, आणि मग कुवेतपासून पुढे पानं उलटली. चार पानं होती. सगळी वाचली. कायद्याचा रशियन मजकूर शेजारी ठेवून पुन्हा वाचली.

त्यांत चूक नाही. या घरात आता मी एकटी राहते. रमा शनिवारी येते. बिश्केकच्या बातम्या मी अजून सकाळी वाचते, आणि त्या कोणाला कळवायच्या नसतात.